गुहेत का नेत नाही?

तुम्ही विचारलंत म्हणून एकदाचं लिहून टाकतो. फोनवर, जेटीवर, निघताना पैसे देतादेता, सगळ्यांचा प्रश्न एकच: "वेंगुर्ल्यासमोरच्या समुद्रातल्या खडपांपर्यंत, वेंगुर्ला रॉक्सपर्यंत आणलंत, दीपगृह दाखवलंत, मग पाकोळी पक्ष्यांच्या गुहेत का नाही नेलंत? तो दुसरा होडीवाला नेतो."

नेतो, ठाऊक आहे. मीही न्यायचो.

पूर्वी 'धोका आहे' म्हणून वेळ मारून न्यायचो. ते अगदीच खोटं नाही. डचांनी १७व्या शतकात वेंगुर्ल्यात वखार घातली, त्यांची गलबतंही ह्या खडपांना भिऊनच येत असणार. उगाच नाही तिथे दिवा बसवला. पण होडी खडपाला लावणं मला जमतं. आमच्या घरात तिसरी पिढी सुकाणू धरतेय. कारण ते नव्हे.

एप्रिल होता. समुद्र तेल ओतल्यासारखा. पाच जण, मोठाले कॅमेरे. ओहोटी साधून होडी लावली, काका होडीवर थांबले, मी बॅटरी घेऊन पुढे. आत शिरल्यावर डोळ्यांआधी कानांना कळतं: टिकटिकटिक, कुणी कंगव्याच्या दातांवरून नख फिरवावं तसं. अंधारात पाकोळी त्या आवाजाच्या प्रतिध्वनीवर वाट काढते, वटवाघळासारखी. फरक इतकाच की हिचा आवाज आपल्यालाही ऐकू येतो. हे मी पोपटासारखं सांगत होतो. घरटं लाळेचं असतं, परदेशात त्याचं सूप करतात, म्हणून चोर येतात, हेही. आणि फ्लॅश मारू नका, हेही. सांगितलं होतं, एवढं लिहून ठेवतो.

एकाने मारलाच. मग सगळ्यांनीच. गुहा अंगावर आल्यासारखी झाली, पंख तोंडावर, मानेवर. एक जण घाबरून भिंतीला पाठ घासत मागे सरकला. बाहेर उजेडात आलो तर त्याच्या सॅकच्या पट्ट्याला घरटं अडकलेलं. करवंटीच्या फुटक्या तुकड्याएवढं. मळकट पांढरं, मध्ये सुकलेल्या काड्या, कातळावरून सुटलेल्या कडेला वाळूचे कण. पट्ट्यावर फुटलेल्या अंड्याचा ओघळ. दुसरं अंडं होतं की नव्हतं, बघायला मी परत आत गेलो नाही.

ते हातात घेऊन होडीत चढलो. काका म्हणाले, "आता ह्या खंय ठेवतलंस?"

पाकोळीने लाळेने चिकटवलेलं मी कशाने चिकटवणार? खोटं कशाला बोलू, इंजिनाच्या पेटीत फेव्हिक्विक होतं आणि तो विचारही मनात येऊन गेला. मग अर्ध्या वाटेत घरटं पाण्यात सोडलं. बुडेल वाटलं होतं, पण मागे दिसेनासं होईपर्यंत तरंगत राहिलं. जेटीवर त्या माणसाने ५०० रुपये जास्तीचे दिले. मी घेतले. दुसऱ्या दिवशी त्यांचंच डिझेल भरलं.

तेव्हाचा मी आजच्या मला म्हणतो, चोर बांबूच्या परांच्या बांधून सगळी भिंत खरवडून नेतात आणि तू एका घरट्याचं काय घेऊन बसलायस? बरोबर आहे. उलट होड्यांची ये-जा असली की चोरही बिचकतो. मी आत जायचा थांबलो म्हणजे एक नजर कमीच झाली. ह्याला माझ्याकडे उत्तर नाही. बाहेरून चक्कर मारतो, दुर्बीण देतो, गुहेच्या तोंडाशी काही बांधाबांध दिसते का ते बघतो. पण बाहेरून आतलं किती दिसणार?

आणि पावसाळ्यात चला, असं तरी कुठे म्हणता येतं? १ जूनला मासेमारी बंद, होड्या वर ओढलेल्या. पाकोळ्यांची वीण आणि आमचा सीझन, दोन्ही उन्हाळ्यातच. एका फेरीच्या पैशात घरात काय काय येतं, ते मला विचारू नका. ज्यांनी गुहेसाठी बुकिंग रद्द केलं त्यांची नावं मला पाठ आहेत.

तो दुसरा होडीवाला वाईट माणूस नाही. मुलीचं लग्न काढलंय त्याने.

उद्या सहा जण आहेत. त्यांनीही फोनवर हेच विचारलं. हे त्यांना वाचायला पाठवतोय. तरीही यायचं असेल तर साडेसहाला जेटीवर या, वारा पडलेला असतो.