ल्वारकाठी सायकलने, पण उलट्या दिशेने: सोम्यूर ते ब्ल्वा

फ्रान्समधल्या ल्वार नदीकाठच्या सायकल सहलीचे बहुतेक तयार आराखडे ब्ल्वा किंवा ओर्लेआँपासून सुरू होतात आणि नदीसोबत पश्चिमेकडे, समुद्राच्या दिशेने जातात. नदी तिकडे वाहते म्हणजे रस्ताही उताराचाच असणार, असं वाटतं. हिशेब करून पाहिला तर ते टिकत नाही. ब्ल्वा ते सोम्यूर या सव्वाशे किलोमीटरभर अंतरात नदी सुमारे 40 मीटर उतरते, म्हणजे दर किलोमीटरला जेमतेम 30 सेंटीमीटर. एवढा उतार पायांना कळतसुद्धा नाही. वारा मात्र चांगलाच कळतो, आणि या खोऱ्यात तो बहुतेक वेळा पश्चिमेकडून येतो. ताशी 16 किमी वेगाने चाललेल्या सायकलस्वाराला समोरून ताशी 20 किमी वारा लागला, तर हवेचा रोध वारा नसतानाच्या तुलनेत पाचपट होतो. म्हणून आमचा सल्ला ठाम आहे: सोम्यूरला सुरुवात करा, पूर्वेकडे जा, ब्ल्वाला संपवा. या दिशेचा आणखी एक फायदा आहे. शाँबोरचा किल्ला शेवटच्या दिवशी येतो. तो पहिल्याच दिवशी पाहिला तर पुढचे सगळे किल्ले उगाच लहान वाटतात.

सबंध मार्गाचं नाव ‘ला ल्वार आ व्हेलो’. नव्हेरजवळच्या क्युफीपासून अटलांटिकपर्यंत तो सुमारे 900 किमी आहे, आणि काळ्या समुद्रापर्यंत जाणाऱ्या ‘युरोव्हेलो 6’ या लांबलचक मार्गाचाच तो भाग आहे. एवढं सगळं करायची गरज नाही. किल्ल्यांची दाटी सोम्यूर ते ब्ल्वा याच टप्प्यात आहे. फेरफटके धरून तो साधारण 240-250 किमी होतो. सात दिवस सायकल चालवायची असं धरा.

रोजचं अंतर 30 ते 40 किमीच ठेवा. ‘मी घरी 80 किमी सहज करतो’ हे इथे कामाचं नाही, कारण दिवस सायकलवर नाही तर किल्ल्यांत जातो. मोठ्या किल्ल्याला बागेसकट तीन तास लागतात. वाटेत फोटो, पाणी, चुकलेली वळणं आणि खडीचे पट्टे धरले तर सरासरी वेग ताशी 12-13 किमीच पडतो. 35 किमी म्हणजे तीन तास, तीन तास किल्ला, दीड तास जेवण: दिवस भरला. एका दिवसात तीन किल्ले कोंबणाऱ्यांना तिसऱ्याची फक्त पायऱ्यांची संख्या आठवते. एक मोठा आणि वाटलंच तर एक बाहेरून पाहायचा, हे प्रमाण बरोबर.

सोम्यूरला पोहोचायला पॅरिसच्या माँपार्नास स्थानकातून तेजेव्हेने (फ्रान्सची अतिवेगवान रेल्वे) सँ-पिएर-दे-कोर, म्हणजे तूर शहराच्या कडेचं स्थानक, आणि तिथून प्रादेशिक गाडी. सायकल सोम्यूरलाच भाड्याने घ्या. या पट्ट्यात एका गावी सायकल घेऊन दुसऱ्या गावी परत करता येते, फक्त ते आरक्षणाच्या वेळीच सांगावं लागतं आणि त्याचे थोडे जादा पैसे पडू शकतात. मागायची सायकल ‘व्हेतेसे’, म्हणजे सर्व प्रकारच्या रस्त्यांची, 35 ते 40 मिमी रुंदीच्या टायरची. अरुंद टायरची रेसिंग सायकल घेऊ नका. बराचसा मार्ग डांबरी असला तरी मध्ये दाबलेल्या बारीक खडीचे आणि वाळूचे पट्टे आहेत. त्यावर अरुंद टायर घसरतो, आणि पाऊस झाला की तीच पांढरी माती चेन आणि ब्रेकमध्ये जाऊन बसते.

दुकानातून बाहेर पडण्याआधी वीस मिनिटं द्या. सीटची उंची अशी हवी की पेडल सर्वांत खाली असताना टाच त्यावर टेकेल आणि पाय सरळ होईल. मग चवडा पेडलवर ठेवला की गुडघा किंचित वाकलेला राहतो. सीट खाली राहिली की दुसऱ्या दिवशी गुडघ्याचा पुढचा भाग दुखायला लागतो. लोक त्याचा दोष अंतराला देतात, आणि तिसऱ्या दिवशी गाडी पकडतात. हवेचा दाब 38 मिमी टायरला 3.5 ते 4 बार पुरतो, सामान जड असेल तर मागच्या चाकात थोडा जास्त. दाब कमी राहिला तर चाक खड्ड्याच्या काठावर आदळताना ट्यूब रिमवर चेपते आणि शेजारी शेजारी दोन भोकं पडतात. व्हॉल्व्ह बारीक फ्रेंच पद्धतीचा आहे की मोटारीसारखा जाड, हे पाहून त्याच्याशी जुळणारा पंप मागा. जादा ट्यूब, दोन टायर लिव्हर, षटकोनी पान्यांचा संच आणि कुलूप सोबत आहे ना, हेही बघा.

ब्रेकबद्दल वेगळं सांगायला हवं. फ्रान्समध्ये साधारणपणे डावी मूठ पुढच्या चाकाची आणि उजवी मागच्या चाकाची असते. आपल्या सवयीच्या बरोबर उलट. घाईत डावी मूठ करकचून दाबली की पुढचं चाक अडतं आणि माणूस हँडलवरून पुढे जातो. रिकाम्या जागेत दहा-पंधरा वेळा थांबून हाताला नवी सवय लावा, मगच रस्त्यावर या. वाहतूक उजव्या बाजूने आहे. तिची सवय तासाभरात होते, पण एकट्या रस्त्यावर थांबून पुन्हा निघताना मन हमखास डावीकडे ओढतं. गावांत आणखी एक नियम आहे: जिथे काही पाटी नाही, तिथे उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं. अगदी बारीक गल्लीतून मोटार आली तरी.

कायद्याच्या बाकी गोष्टी थोडक्यात. घंटी आणि दिवे हवेत. गावाबाहेर रात्री किंवा धुक्यात चमकणारं जॅकेट सक्तीचं. बारा वर्षांखालच्या मुलांना हेल्मेट सक्तीचं, मोठ्यांना नाही, तरी घालाच. कानात इअरफोन चालत नाहीत. दारूची मर्यादा मोटारचालकाइतकीच, रक्तात लिटरला 0.5 ग्रॅम. हा सगळा प्रदेश शिनों, व्हुव्रे, सोम्यूर-शाँपिन्यी अशा वाइनचा आहे, तेव्हा चव घ्यायची ती संध्याकाळी, सायकल आत लावल्यावर.

पहिला दिवस सोम्यूर ते शिनों, सुमारे 32 किमी. नदीलगतचा मोठा रस्ता सरळ दिसतो, पण त्यावर मोटारी वेगाने जातात. खुणेचा मार्ग वर सूझे, पार्ने, त्युर्काँ या गावांतून जातो. इथला पांढरा, मऊ चुनखडक म्हणजे तुफो. किल्ले त्याच दगडाचे, आणि तो काढून झाल्यावर उरलेल्या गुहांत घरं, वाइनची तळघरं आणि अळिंब्यांची शेती. सूझेमध्ये तर वाटच काही अंतर खडकाखालून जाते. काँद-सँ-मार्तँला व्हिएन नदी ल्वारला मिळते. तिथे चर्चच्या वरच्या टेकाडावर चढून संगम पाहा. वाटेत मोंसोरोहून चार-पाच किमी आत फोंतव्ह्रोचा मठ आहे, 1101 सालचा. तिथे इंग्लंडचा राजा रिचर्ड द लायनहार्ट आणि त्याची आई एलेनॉर यांच्या समाधीशिल्पांवर अजून रंगाच्या खुणा आहेत. चढ आहे, पण जावं असंच ठिकाण आहे. शिनोंचा किल्ला उंच कड्यावर आहे. 1429 मध्ये जोन ऑफ आर्क राजपुत्र शार्लला भेटली ती इथेच. दमला असाल तर गावातून वर फुकट लिफ्ट आहे.

दुसरा दिवस युसेवरून आझे-ल-रिदो, तिसरा व्हिलाँद्रीवरून तूर. दोन्ही दिवस तीस-तीस किमी. आझेचा किल्ला आँद्र नदीतल्या बेटावर, 1518 ते 1527 मधला. आझेहून व्हिलाँद्रीला जाताना पठारावरून चढ-उतार लागतो, इ-सायकल नसेल तर तिथे गिअर आधीच हलका करा. चढावर पेडलवर जोर असताना गिअर बदलला की चेन उतरते, आणि भाड्याच्या सायकलींची सर्वांत नेहमीची तक्रार हीच. व्हिलाँद्रीत बाग हाच किल्ला. 1906 मध्ये ही मालमत्ता घेतलेल्या जोआकिम कार्व्हाल्योने ती रेनेसाँ पद्धतीने पुन्हा उभी केली. भाज्यांच्या नऊ चौकोनांची नक्षी जमिनीवरून समजत नाही, आधी बुरुजावर जा. तिथून तूरपर्यंतची वाट शेर नदीच्या काठाने, सपाट आणि सावलीची.

तूर ते आँब्वाझ 27-28 किमी. मोंलुईनंतर मार्ग द्राक्षमळ्यांतून वर-खाली जातो, ‘नदीकाठ म्हणजे सपाट’ हा समज इथे मोडतो. आँब्वाझला दोन रात्री राहा. क्लो ल्युसे या घरी लिओनार्दो द विंची 1516 मध्ये आला आणि 1519 मध्ये तिथेच वारला. त्याची समाधी वरच्या किल्ल्याच्या आवारातल्या सँ-ह्युबेर चॅपेलमध्ये आहे. दुसऱ्या दिवशी सामान न घेता जंगलातून शनोंसोचा किल्ला, जाऊन-येऊन तीस किमी. दुसऱ्या आँरी राजाची प्रेयसी दियान द प्वातिए हिने इथे शेर नदीवर पूल बांधला, त्याची राणी कातरिन द मेदिचीने त्यावर 60 मीटरचं दालन चढवलं. दुसऱ्या महायुद्धात ही नदीच जर्मनव्याप्त आणि मोकळ्या फ्रान्समधली सीमारेषा होती आणि दालनाचं दक्षिणेकडचं दार मोकळ्या भागात उघडायचं. सकाळी किल्ला उघडताच पोहोचा किंवा चारनंतर जा, मधली वेळ बसगाड्यांची असते.

मग शोमों करत ब्ल्वा, सुमारे 40 किमी. शोमोंचा किल्ला नदीवर टांगल्यासारखा उंचावर आहे, वर जाणारा रस्ता उभा आहे, लाज न बाळगता सायकल ढकला. 1992 पासून दरवर्षी इथे उद्यान-महोत्सव भरतो.

सातवा दिवस सर्वांत लांब: ब्ल्वा, सँ-दिये, शाँबोर, शव्हर्नी आणि परत, पन्नास-पंचावन्न किमी. सँ-दिये हे शाँबोरसाठीचा दगड होड्यांतून उतरवण्याचं बंदर, त्यामुळे हीच वाट घ्यावी. शाँबोरचं काम 1519 मध्ये सुरू झालं. भोवतीची भिंत 32 किमी लांब. ज्याने तो बांधवला तो पहिला फ्रान्स्वा आपल्या सगळ्या राजवटीत तिथे अवघे 72 दिवस राहिला. आत दुहेरी सर्पिल जिना आहे, दोघं वेगवेगळ्या बाजूंनी चढले तर एकमेकांना दिसतात पण भेटत नाहीत. जिन्याने गच्चीवर जा. 282 धुराड्यांचं ते गाव खालून दिसतं त्याहून कितीतरी विलक्षण आहे. सप्टेंबरच्या मध्यापासून महिनाभर संध्याकाळी जंगलातून सांबरासारख्या मोठ्या हरणांच्या नरांची डरकाळी ऐकू येते.

आता अडचणींकडे. पहिली, पूल. मार्ग नदीच्या दोन्ही काठांवर अदलाबदल करतो, आणि ठरलेला पूल चुकला तर पुढचा दहा-पंधरा किमीवर असू शकतो. रोज सकाळी ‘आज नदी कुठे ओलांडायची’ एवढं लिहून ठेवा आणि मार्गाची जीपीएक्स फाइल फोनवर ऑफलाइन उतरवून घ्या.

दुसरी, जेवणाच्या वेळा. उपाहारगृहं दुपारी बारा ते दोन, त्यानंतर थेट सात-साडेसातला. लहान गावांत दुकानं जेवणाच्या वेळी बंद, रविवारी दुपारनंतर बंद, सोमवारी बऱ्याचदा दिवसभर बंद. बेकरीतून सकाळीच पाव घ्या, सोबत सँत-मोर-द-तुरेन हे बकरीच्या दुधाचं चीज: लांबट ओंडका, मधून गवताची काडी. शाकाहारी माणसाला याच दोन गोष्टी वाचवतात. सॅलडमध्येही न सांगता डुकराच्या मांसाचे तुकडे पडतात, म्हणून ‘झ न मांझ नी व्यांद नी प्वासों’ (मी मांसही खात नाही, मासेही नाही) हे वाक्य पाठ करा. गुहांतल्या उपाहारगृहांत ‘फुए’ नावाचे भट्टीतले फुगलेले छोटे पाव मिळतात, त्यात अळिंबी किंवा पांढरा घेवडा मागता येतो.

पाणी सरळ आहे. जवळपास प्रत्येक गावच्या दफनभूमीत नळ असतो आणि फ्रेंच सायकलस्वार तिथेच बाटल्या भरतात. ‘नों पोताब्ल’ पाटी असेल तर पिऊ नका. नदीत मात्र उतरू नका, वाळूचे बेट कितीही शांत दिसो. वाळू सरकती आहे आणि प्रवाह तळाशी ओढतो.

मुक्कामासाठी ‘अक्योई व्हेलो’ ही पाटी शोधा. ती असलेली ठिकाणं मार्गापासून पाच किमीच्या आत असतात, सायकलीला बंद जागा आणि दुरुस्तीची हत्यारं देतात. बॅगा पुढच्या मुक्कामी पोहोचवणाऱ्या सेवा आहेत, बॅग सकाळी नऊच्या आसपास तयार ठेवायची. तरी पावसाचं जॅकेट, औषधं आणि पासपोर्ट स्वतःजवळच. इ-सायकल असेल तर चार्जर दिला आहे ना ते पाहा, आणि बॅटरी रात्री खोलीत न्या.

मे, जून आणि सप्टेंबर हे महिने उत्तम. हिवाळ्यात आणि वसंताच्या सुरुवातीला पुराने काठचे पट्टे पाण्याखाली जातात, तर जुलै-ऑगस्टमध्ये ऊन आणि गर्दी. वाटेत थकलात तर आझे, शिनों, तूर, शनोंसो, आँब्वाझ सगळीकडे स्थानक आहे. प्रादेशिक गाडीत सायकल चढते, मात्र उन्हाळी मोसमात काही गाड्यांवर सायकलीचंही आरक्षण सक्तीचं असतं. गाडी येण्याआधी पिशव्या काढून ठेवा, सायकल आकड्याला उभी टांगावी लागते.

ब्ल्वाला सायकल परत करताना दुकानाची वेळ आदल्या दिवशीच विचारून घ्या, दुपारी ते बंद असू शकतं. तिथून पॅरिसच्या ओस्तरलिझ स्थानकाला थेट गाडी आहे, दीड ते दोन तासांची.