न्यूझीलंडच्या साउथ आयलंडवर स्वतः गाडी चालवायची, तर आखणी कुठून सुरू करायची

न्यूझीलंडचं ठरलं की घरात जो पहिला कागद तयार होतो, त्यात दहा दिवसांत ऑकलंड, रोटोरुआ, वेलिंग्टन, फेरी, क्वीन्सटाऊन आणि मिलफर्ड साउंड (डोंगरांत शिरलेली समुद्राची खाडी, तिथे बोटीने फिरतात) असं सगळं कोंबलेलं असतं. पहिल्या खेपेला नॉर्थ आयलंडवर सरळ फुली मारा. वेलिंग्टन ते पिक्टन फेरीलाच साडेतीन तास लागतात, शिवाय गाडी रांगेत लावायला बरंच आधी पोचावं लागतं, म्हणजे एक अख्खा दिवस बंदरात जातो. क्राइस्टचर्चला उतरायचं, गाडी घ्यायची, दक्षिण बेटाला वळसा घालून तिथेच परत द्यायची. घेतली एका गावी आणि सोडली दुसऱ्या गावी, तर बहुतेक कंपन्या त्याचे वेगळे पैसे लावतात, तेही वाचतात.

गाडी डाव्या बाजूने चालवायची, स्टिअरिंग उजवीकडे, त्यामुळे आपल्याला सोपं. पण नेमकी इथेच गफलत होते. रस्ता ओळखीचा वाटतो आणि माणूस अंतरं एक्सप्रेसवेच्या हिशेबाने मोजायला लागतो. तिथला ‘स्टेट हायवे’ म्हणजे बहुतेक ठिकाणी येणारी एक आणि जाणारी एक लेन, मध्ये दुभाजक नाही आणि वेगमर्यादा ताशी १००. ती मर्यादा आहे, सरासरी नव्हे. वानाका ते हिमनदीजवळचं फ्रान्झ जोसेफ गाव हे २८५ किलोमीटर नकाशा पावणेचार तासांत दाखवतो. डबा खायला, धबधबा बघायला आणि पुलापाशी थांबायला लागणारा वेळ धरला की सकाळी नऊला निघालेली गाडी संध्याकाळी पाचला पोचते. नकाशातल्या वेळेत चौथाई भर घाला आणि दिवसाला चार तासांपेक्षा जास्त ड्रायव्हिंग ठेवू नका.

मग महिना ठरवा. आपल्या दिवाळीच्या सुट्टीत तिथे वसंत असतो. दिसायला सुंदर, पण डोंगरावर साठलेला बर्फ तेव्हा सैल होत असतो. मिलफर्ड रस्त्यावर हिमस्खलनाचा धोका साधारण जून ते नोव्हेंबर असतो, म्हणजे दिवाळी त्यातच येते. मे महिन्याच्या सुट्टीत क्वीन्सटाऊनला सकाळी आठला उजाडतं आणि साडेपाचच्या आत अंधारतं; शिवाय सावलीतल्या वळणांवर ब्लॅक आइस, म्हणजे डांबरावरचा बर्फाचा असा पातळ पापुद्रा की रस्ता नुसता ओला वाटतो. डिसेंबर अखेरीस उजेड रात्री साडेनऊपर्यंत असतो, पण तिथल्या शाळांना तेव्हाच सुट्टी असल्याने खोल्यांचे दर चढलेले असतात. मला विचाराल तर फेब्रुवारी अखेर ते एप्रिल. फक्त ईस्टरचे दिवस टाळा.

कागदपत्रांचं फारसं अवघड नाही. महाराष्ट्राचं स्मार्ट कार्ड लायसन्स इंग्रजीत असतं, ते तिथे चालतं. मूळ कार्ड जवळ हवं, मोबाइलमधला फोटो नको. तरी इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट काढून ठेवावं, कारण काही गाडी कंपन्या काउंटरवर मागतात. अर्ज नमुना ४-अ, आरटीओकडे, फी १,००० रुपये, मुदत एक वर्ष. नुसतं परमिट दाखवून चालत नाही, लायसन्स सोबत लागतंच. गाडीची अनामत ठेव मुख्य चालकाच्याच नावाच्या क्रेडिट कार्डावर अडकवतात. कार्ड बायकोचं आणि लायसन्स नवऱ्याचं, असं झालं की अडचण काउंटरवरच उभी राहते. सात वर्षांखालच्या मुलाला चाइल्ड सीट कायद्याने लागते, ती गाडीबरोबरच बुक करा.

विम्याच्या कागदात ‘एक्सेस’ हा शब्द शोधा. अपघात झाला तर पहिले किती हजार डॉलर तुमच्या खिशातून जाणार, ते तो आकडा सांगतो. तो शून्यावर आणणारं पॅकेज महाग वाटतं, पण खडी उडून काच तडकणं तिथे रोजचंच, त्यामुळे काच आणि टायर त्यात धरलेत का, हे नक्की विचारा. झिरो एक्सेस घेऊनही सहसा ज्या गोष्टी भरून मिळत नाहीत त्या तीन: चुकीचं इंधन भरणं, कराराने मना केलेल्या रस्त्यावर जाणं (क्वीन्सटाऊनजवळचा स्किपर्स रोड हे ठरलेलं नाव) आणि वाऱ्याने दार उलटं फाकणं. हा तिसरा प्रकार आपल्याला नवा असतो. टेकापो, माउंट कुक भागात वारा असा येतो की दार हातातून हिसकावून बिजागरीपलीकडे वाकवतो. गाडी लावताना तोंड वाऱ्याकडे करा आणि दार एका हाताने धरूनच उघडा. मुलांना तर उघडूच देऊ नका.

डिझेल गाडी भाड्याने स्वस्त दिसली तर थांबा. तिथे डिझेलवरचा रस्ता कर पंपावर घेत नाहीत, किलोमीटरमागे वेगळा भरायचा असतो आणि कंपनी तो गाडी परत करताना तुमच्या बिलात घालते. दोन हजार किलोमीटरच्या फेरीत तो चांगलाच जाणवतो. पेट्रोलमध्ये ९१ आणि ९५ असे दोन आकडे दिसतील. साध्या गाडीला ९१. खेड्यातले बरेच पंप बिनमाणसांचे असतात, चार आकडी पिन असलेलं कार्ड लागतं. वेस्ट कोस्टवर हास्ट ते फॉक्स ग्लेशियर १२० किलोमीटर आहे, आणि ‘ते अ‍ॅनाउ’ या गावापासून मिलफर्ड जाऊन-येऊन जवळपास २४०. टाकी अर्ध्यावर आली की भरायची.

आता एकपदरी पूल. वेस्ट कोस्टवर हे इतके आहेत की दुसऱ्या दिवशी सवय होते, पण पहिला पूल येण्याआधी नियम डोक्यात हवा. फलकावर दोन बाण असतात, एक वर जाणारा, म्हणजे तुम्ही, आणि एक खाली येणारा, म्हणजे समोरचा. ज्याचा बाण छोटा आणि लाल, त्याने थांबायचं. गोल, लाल कडेचा फलक असेल तर थांबायची पाळी तुमची. निळ्या चौकोनी फलकावर मोठा पांढरा बाण वर असेल तर पहिला हक्क तुमचा. हक्क असला तरी समोरचा पुलावर चढलेला असेल तर त्याला येऊ द्या. वळणाआधी पिवळ्या पाटीवर ३५, २५ असे आकडे दिसतात, नेहमी पाचात संपणारे. ती सक्ती नव्हे, सल्ला आहे, पण तो आकडा उगाच लिहिलेला नसतो. २५ म्हणजे खरंच ताम्हिणीसारखं वळण. मागे दोन-तीन गाड्या साठल्या तर डावीकडे जागा बघून त्यांना पुढे सोडा. पासिंग लेन (ओव्हरटेकसाठीची जादा लेन) आली की डावी पकडा. उजव्या लेनमध्ये ठाण मांडायची सवय पुणे-मुंबईलाच राहू द्या.

उन्हाळी वेळेत तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा साडेसात तास पुढे असतं. तिथे सकाळचे आठ, तेव्हा तुमच्या शरीराचे मध्यरात्रीनंतरचे साडेबारा. त्यात थेट विमान नाही. उतरल्या दिवशी गाडी ताब्यातच घेऊ नका. क्राइस्टचर्चला झोपा, दुसऱ्या दिवशी निघा. पहिला टप्पा टेकापो, २२५ किलोमीटर. मग माउंट कुक १०५, तिथून क्वीन्सटाऊन सुमारे २६०, पुढे ते अ‍ॅनाउ १७०. इथे सलग तीन रात्री ठेवा.

तीन का? ते अ‍ॅनाउ ते मिलफर्ड ११८ किलोमीटर, एकच रस्ता, पलीकडे समुद्र. मिलफर्डला वर्षाला साडेसहा हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. आपल्या आंबोलीच्या पंक्तीतला. दरड, बर्फ किंवा पूर आला की रस्ता बंद. बोटीचं तिकीट एका दिवसाचं आणि मुक्काम एक रात्रीचा असेल तर मिलफर्ड गेलंच म्हणून समजा. मधला दिवस मोकळा असला की तिकीट पुढे सरकवता येतं. सकाळी निघण्याआधी रस्त्याची स्थिती बघा, टाकी भरा आणि नकाशा ऑफलाइन उतरवून घ्या, कारण वाटेत बराच भाग नेटवर्क नसतं. सव्वा किलोमीटरच्या होमर बोगद्यात उन्हाळ्यात दिवसा सिग्नलने एकेरी वाहतूक चालते. तिथे वीस मिनिटं जाऊ शकतात, ती बोटीच्या वेळेत धरा. मे ते नोव्हेंबर फलक लागला की टायरच्या साखळ्या (बर्फात चाक घसरू नये म्हणून लावायच्या) गाडीत असणं सक्तीचं. त्या ते अ‍ॅनाउला भाड्याने मिळतात. पुढची चाकं ओढणारी गाडी असेल तर साखळी पुढच्या चाकांना, आणि ती एकदा तिथेच, कोरड्या जमिनीवर चढवून बघा.

ते अ‍ॅनाउहून पुढे वानाका, तिथून वेस्ट कोस्टने फ्रान्झ जोसेफ आणि मग आर्थर्स पासच्या घाटातून क्राइस्टचर्चला परत. वेस्ट कोस्टचंही मिलफर्डसारखंच. मार्च २०१९ मध्ये फ्रान्झ जोसेफजवळचा वायहो नदीवरचा पूल पुरात वाहून गेला, तेव्हा त्या रस्त्याला जवळपास कुठला पर्यायच नव्हता. डोंगररांग ओलांडून शेकडो किलोमीटरचा वळसा. म्हणून परतीच्या विमानाआधीची रात्र क्राइस्टचर्चलाच हवी, फ्रान्झ जोसेफला नको.

खाण्याचं सोपं आहे. मोटेलच्या खोलीत बहुधा छोटा ओटा असतो, खिचडी होते. वेस्ट कोस्टची दुकानं लहान आणि महाग, तेव्हा किराणा वानाकातच भरा. घरून चिवडा, लाडू, लोणचं न्यायचं तर न्या, पण देशात शिरताना भरायच्या फॉर्ममध्ये सगळं लिहा. लिहिलं तर फार तर काढून घेतील. लपवलं तर जागेवर ४०० न्यूझीलंड डॉलर दंड. ताजी फळं, कढीपत्ता, मध मुळीच नको. ट्रेकचे बूटही लिहावे लागतात, म्हणून राजगडाची माती तळव्याच्या खाचांतून दातांच्या जुन्या ब्रशने काढून मगच बॅगेत टाका.

आर्थर्स पासला थांबाल तेव्हा गाडीवर लक्ष ठेवा. किआ नावाचा हिरवट डोंगरी पोपट तिथे टपावर येऊन बसतो आणि वाकड्या चोचीने वायपरचं रबर, दाराच्या कडेची पट्टी सोलून काढतो. त्याला खायला घालू नका आणि फोटो काढून झाले की निघा. गाडी परत करण्याआधी ती रबरं एकदा बोटाने चाचपून बघा.