असार पंधरा: पोखऱ्याच्या चिखलात दोन नागपूरकरणी

नेपाळी कॅलेंडरमधला असार महिन्याचा १५ वा दिवस म्हणजे आपली २९ जून, फार तर एखादा दिवस इकडंतिकडं. त्यांचा महिना सूर्य रास बदलतो त्या संक्रांतीला बदलतो, आपल्या आषाढासारखा चंद्रावर नाही चालत, म्हणून तारीख दरवर्षी जवळपास तीच राहते आणि प्लॅन करायला लय सोपं जातं. त्या दिवशी अख्ख्या नेपाळात भाताची रोवणी, दही-चिउरा आणि चिखल. नागपुरात त्या वेळी कूलर अजून काढलेला नसतो आणि पाऊस आज येतो उद्या येतो करून गंडवत राहतो, तर मी आणि मैत्रीण म्हटलं चला, जिथं पाऊस आहे तिथंच जाऊ.

नागपूरहून गोरखपूरला डायरेक्ट ट्रेन आहे, राप्तीसागर. तिथून बसनं सोनौली बॉर्डर, मग पलीकडं भैरहवा, बुटवल आणि तानसेनवरून घाटाघाटानं पोखरा. व्हिसा लागत नाही, वोटर कार्ड चालतं. आपल्या १०० रुपयाचे तिथं १६० होतात, १९९३ पासून हाच भाव आहे, त्यामुळे दोन दिवस उगाच श्रीमंत वाटतं. बाकी प्रवासाबद्दल काही सांगत नाही, पावसाळ्यात तो रस्ता कसा असतो ते बसमधल्या लोकांच्या तोंडाकडं बघून समजतं.

माछापुच्छ्रे दिसला का म्हणून सगळे विचारून राहिले. नाही दिसला. ६,९९३ मीटरचा डोंगर ढगात असा गायब, जसा नव्हताच कधी. पोखऱ्याच्या जवळच लुम्ले म्हणून गाव आहे, तिथं वर्षाला ५,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आपल्या नागपूरच्या चौपटीच्या वर, तर जूनमध्ये डोंगर बघायला जायचंच नसतं तिथं. आम्ही तर शेत बघायला गेलो होतो.

रोपाईं, म्हणजे त्यांची रोवणी, शहराबाहेर होती, बेगनास तलावाच्या बाजूला. सकाळी पोचलो तर पंचेबाजा सुरू झालेला, सनई, दमाहा, झ्याली, ट्याम्को, सगळं एकदम, आणि समोर बांध्यांमध्ये एवढं पाणी की आभाळ खाली उतरल्यासारखं. कामाची वाटणी ठरलेली. नांगर आणि बैल धरणारा तो हली. कुदळीनं धुरे नीट करणारे, कोपऱ्यातला चिखल ओढणारे ते बाउसे. आणि रोवणाऱ्या बाया म्हणजे रोपाहार. लाल चोळी, कमरेला पटुका, साडी गुडघ्यापर्यंत खोचलेली. एकदोघींच्या पाठीवर घुम होती, बांबू आणि पानांची, डोक्यापासून कमरेपर्यंत झाकते आणि हात मोकळे राहतात. प्लास्टिकच्या रेनकोटमध्ये आम्ही आतून घामानं भिजलेलो, त्या मात्र मस्त कोरड्या.

रोवणी मी आधी बघितलेली आहे. आत्या भंडाऱ्याकडची, तिच्याकडं दोनचार बांध्या आहेत आणि लहानपणी सुट्टी लांबली की पेंढ्या फेकायला आम्हा पोट्ट्यांनाच लावायची. म्हणून मी बायांच्या हाताकडं बघत होती. डाव्या हातात रोपांची जुडी, अंगठ्यानं दोनतीन काड्या सुट्या करायच्या, उजव्या हातानं घ्यायच्या, बोटं खाली करून चिखलात घालायच्या आणि हात बाहेर काढता काढता चिखल आपोआप मिटतो. मग अर्धं पाऊल मागं. मागंच जायचं, नाहीतर लावलेल्यावरच पाय पडतो. आणि खोल नाही घालायचं, बोटाच्या पहिल्या पेरापर्यंत बास, खोल गेलं की रोप बसतं खरं पण फुटवे उशिरा येतात आणि कमी येतात. हे सगळं त्या गाणं म्हणत करून राहिल्या होत्या. असारे गीत. बाउसे एक ओळ टाकतात, बाया उलटून उत्तर देतात, आणि उत्तर चांगलं बसलं की अख्खी रांग कमरेतून वाकलेली तशीच हसते.

मग पाहुण्यांना उतरवलं. बरेच टुरिस्ट होते, गोरे, बंगाली, काठमांडूहून आलेली कॉलेजची पोरं. अर्ध्या तासात रोवणी राहिली बाजूला आणि चिखलफेक सुरू. ती पण रीतच आहे तिथली, कोणाला सोडत नाहीत, मैत्रिणीच्या कानात दुसऱ्या दिवशीपर्यंत माती निघत होती. पण मजा बघा, पाहुणे ज्या कोपऱ्यात रोवून गेले तिथं मागून एक दिदी चुपचाप आली आणि तरंगणारी रोपं काढून परत लावायला लागली. माझ्या रांगेला तिनं हात नाही लावला, हे मी आत्तापर्यंत घरी, ऑफिसात, सगळीकडं सांगून झालंय.

दुपारी दही-चिउरा. आपलेच पोहे, पण भिजवायचे नाहीत, तर्री नाही, फोडणी नाही, वरून दाट दही, साखर, केळं. तर्री पोह्यावर वाढलेल्या माणसाला हे आजाऱ्याचं जेवण वाटेल असं मी धरून चालली होती, पण चार तास चिखलात उभं राहून पाठ मोडल्यावर ते थंड दही पोटात जातं ना भाऊ, मग समजतं ही सोय कशासाठी केली. शिजवत बसायला वेळ कोणाला असतो त्या दिवशी. एका महिन्यानं साउन १५ ला खीर खातात, तोवर रोवणी उरकलेली असते.

२००४ हे युनोचं तांदूळ वर्ष होतं, त्यानंतर नेपाळ सरकारनं याच दिवसाला राष्ट्रीय धान दिवस करून टाकलं. मंत्रीबिंत्री येऊन चार रोपं लावतात, फोटो निघतात. दुसरीकडं त्याच देशाला भारतातून तांदूळ आयात करावा लागतो, पोखऱ्याच्या आसपास चांगल्या शेताचे प्लॉट पडून राहिले, तरणी पोरं कतार, मलेशियाला. रांगेत बायाच जास्त होत्या आणि त्यातल्या पण बऱ्याच पन्नाशीच्या. पर्मा म्हणतात त्याला, आज तुझ्या शेतात मी, उद्या माझ्या शेतात तू, पैशाचा व्यवहार नाही, आपल्या इर्जिकेसारखं. पण माणसंच गावात नसतील तर फेडणार कोण, म्हणून आता मजुरी देऊन बाया आणतात असं ज्यांच्या घरी राहिलो ते दाइ, म्हणजे दादा, सांगत होते.

तरी मला त्या दिवसाचा हेवाच वाटला. आपल्याकडं पोळा आहे, बैलाला झूल, बाशिंग, पुरणपोळी, सगळं. ते पाहिजेच. पण भंडारा, गोंदिया, गडचिरोलीत जुलै-ऑगस्टमध्ये ज्या बाया दिवसभर वाकून अख्खा धानपट्टा हिरवा करतात, त्यांच्या नावाचा एक दिवस नाही. बँड नाही, दही नाही, गुत्त्याचे पैसे आणि पायाला चिखल्या.

आत्याला फोटो पाठवले तर तिचा लगेच फोन. "काहून वं, एवढ्या दूर जाऊन फुकट रोवून आली? इकडं बाया भेटून नाही राहिल्या." आणि मग विचारलं, त्यांनी जेवणात दिलं काय.

कोणाला जायचं असेल तर, जीन्स घालू नका, ओली झाली की पाय उचलत नाही. चप्पल धुऱ्यावरच सोडा. फोन कोणाजवळ तरी ठेवून जा, वॉटरप्रूफ कव्हरवर भरवसा नको. घड्याळ पंधरा मिनिटं पुढं करा, त्यांची बस त्यांच्याच टाइमानं सुटते. आणि परतीचं तिकीट दोन दिवस सोडून काढा, दरड पडली की घाट बंद होतो आणि गोरखपूरहून सुटणारी गाडी तुमच्यासाठी थांबत नाही.