अंध विद्यार्थ्यांसाठी शिकवण्याचं साहित्य बनवायला अनुदान मिळालं, पण मानधन अडकलं (माझा अनुभव)

प्राध्यापकांसाठीच्या छोट्या अनुदानाला अर्ज करणार असाल तर आधीच सांगते, प्रस्ताव मंजूर होणं हा अवघड भाग नाहीच. मंजूर झालेले पैसे माणसांच्या कामासाठी खर्च करायला गेलात की खरं सुरू होतं. माझं काम पूर्ण झालंय, तरी त्या मधल्या महिन्यांचा राग अजून गेलेला नाही.

मी अनुदानित कॉलेजात अर्थशास्त्र शिकवते. वर्गात दरवर्षी एकदोन अंध विद्यार्थी असतात, शिवाय घरातून पहिल्यांदाच कॉलेजला आलेली, मराठी माध्यमाची बरीच मुलं. मागणीचा वक्र फळ्यावर काढून मोकळं होता येतं, पण ज्याला फळाच दिसत नाही त्याने काय करायचं? म्हणून हाताने चाचपून कळतील असे आलेख आणि स्क्रीन रीडरला (स्क्रीनवरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला) वाचता येतील अशा मराठी नोट्स, असा प्रस्ताव दिला. फॉर्म सगळा संशोधनाचा होता, गृहीतक काय, नमुना निवड काय, ते त्यांच्याच भाषेत भरून टाकलं. आणि हो, प्रस्तावात नुसतं ‘समाजाची गरज’ वगैरे लिहू नका. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ चं कलम ३२ लिहा, त्यात अनुदानित उच्च शिक्षण संस्थांनाही किमान ५ टक्के जागा राखीव ठेवायला सांगितल्यात. यूजीसीच्या २०२२ च्या सुगम्यतेच्या मार्गदर्शक तत्त्वांचाही उल्लेख करा. कमिटीला ते पटतं.

आता अडकलं कुठे ते. मी बजेटमध्ये दोन अंध विद्यार्थ्यांसाठी मानधन धरलं होतं, प्रत्येक आलेख त्यांनी तपासायचा आणि काय कळतंय, काय नाही ते सांगायचं. लेखा विभागात पहिल्याच भेटीत ऐकायला मिळालं, “मॅडम, विद्यार्थ्याला पैसे खर्चाच्या कोणत्या हेडखाली टाकू? हेडच नाही. त्यापेक्षा ब्रेल प्रिंटर घ्या ना, तीन कोटेशन आणा, लगेच करून देतो.” आमची मुलं मोबाईलवर टॉकबॅक (फोनमधलाच स्क्रीन रीडर) लावून अभ्यास करतात, आलेखाचं काम त्या प्रिंटरने होणार नव्हतं, पण वस्तू घ्यायची तर फाइल पळते आणि माणसाच्या वेळेचे पैसे द्यायचे म्हटलं की सगळ्यांना शंका येतात. वर परत, “तुमचेच विद्यार्थी आहेत, असंच सांगतील की.”

का म्हणून असंच सांगतील? मी पुठ्ठ्यावर फेव्हिकॉलने दोरा चिकटवून मागणी-पुरवठ्याचा आलेख केला होता, दोन्ही वक्र एकाच दोऱ्याचे. आमच्या विद्यार्थ्याने बोट फिरवलं आणि म्हणाला, “मॅडम, छेदतात तिथे माझी रेषा बदलते, मी मागणीवरून निघतो आणि पुरवठ्यावर जातो.” मग त्याच्याच सांगण्यावरून एक वक्र सुतळीचा, दुसरा बारीक दोऱ्याचा आणि समतोल बिंदूवर फुगीर टिकली. वीस वर्षं शिकवून मला हे सुचलं नव्हतं. हे तज्ज्ञाचं काम आहे आणि त्याचे पैसे मिळायलाच हवेत, यावर मी अडून बसले.

मग प्रवासखर्चातली रक्कम तज्ज्ञ मानधनाकडे वळवायचा अर्ज केला, प्राचार्य सरांच्या सहीचं पत्र आणि कमिटीचा ठराव जोडून. ती फाइल कुठल्या टेबलावर आहे हेच कुणी सांगेना, एक म्हणतो वर गेली, दुसरा म्हणतो साहेब रजेवर आहेत, आणि इकडे मुलांची सेमिस्टर परीक्षा जवळ येत होती. शेवटी आवक नंबर घेऊन रजिस्टर समोर उघडायला लावलं तेव्हा कळलं की फाइल खालीच होती. आवक नंबर घेतल्याशिवाय कुठलाही कागद देऊ नका! मंजुरी मार्च संपता संपता आली आणि मुलांच्या खात्यात पैसे पडल्याचा मेसेज त्यांनी मला वाचून दाखवला, तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला.

मानधन पहिल्याच बजेटमध्ये वेगळ्या ओळीत मागा, ‘किरकोळ’मध्ये ढकलू नका. मुलांचं बँक खातं चालू आहे का ते आधीच बघा, केवायसी राहिलेलं असतं. कुणी किती तास काम केलं त्याची वही ठेवा, पाच हजारांच्या वरच्या पावतीला रेव्हेन्यू स्टॅम्प लागतो. नोट्सचं राहिलंच, जुन्या नोट्स श्रीलिपीच्या युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या असतील तर स्क्रीन रीडर त्यातलं निव्वळ काहीतरीच वाचतो, सगळं युनिकोडमध्ये करून घ्या, आणि स्कॅन केलेली पीडीएफ म्हणजे त्याच्यासाठी कोरं पान. एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर फुकट आहे, कॉम्प्युटरवर टाकून आपल्या नोट्स एकदा स्वतः ऐका.

यूसीवर, म्हणजे पैसे ठरल्याप्रमाणे खर्च झाल्याच्या प्रमाणपत्रावर, सीएची सही मागतात आणि मार्चमध्ये सीए भेटत नाहीत, त्यांना फेब्रुवारीतच सांगून ठेवा, दुसरा हप्ता त्याशिवाय सुटत नाही.