कॉम्प्युटरचा एसएमपीएस का लावत नाही? तुम्ही विचारलंत म्हणून

“पॉवर सप्लायच तर आहे ना भाऊ, कॉम्प्युटरचा जुना एसएमपीएस लावून द्या.” पार्लरचं जुनं व्हिडिओ गेम मशीन घेऊन येणारा प्रत्येक जण हेच म्हणतो. मी नाही म्हटलं की त्याला वाटतं, हा बिल वाढवतोय. तर एकदाचं सांगून टाकतो.

एसएमपीएस, म्हणजे जड ट्रान्सफॉर्मरशिवायचा स्विचिंग पॉवर सप्लाय, लावता येतो. हिरवी वायर काळीला जोडली की सुरू होतो, पाच आणि बारा व्होल्ट देतो. पण उणे पाच? ते 2003च्या सुमारास कॉम्प्युटरच्या सप्लायमधून गेलंच. जॅमा जोडणीच्या (गेमचा बोर्ड मशीनला जोडायची ठरावीक पद्धत, 1985ची) बऱ्याच बोर्डांना ते लागत नाही, काहींचा आवाज मात्र त्यावर चालतो. त्याआधीच्या बोर्डावर 4116 मेमरी असेल तर विषयच संपला. उणे पाच नसताना बारा व्होल्ट पोचले की ती चिप मरते. शिवाय नव्या एसएमपीएसचा सगळा जोर बारावर असतो. गेमचं उलट आहे. पाचवर तीन-चार अँपिअर, बारावर आवाजापुरतं. मग बऱ्याचदा पाच खाली बसतं, बारा वर चढतं, आणि जुळवायला प्रीसेट (व्होल्टेज कमीजास्त करायची छोटी फिरकी) नाही.

मी लावतो त्या, गेमसाठी म्हणून मिळणाऱ्या सप्लायला (तोही एसएमपीएसच) प्रीसेट असतो, पण तोही जपून फिरवायचा. मीटर सप्लायच्या वायर जोडायच्या स्क्रूवर नाही, बोर्डावरच्या चिपच्या पायांवर लावायचं. तिथे 5.05 हवेत. स्क्रूवर 5.1 आणि चिपवर 4.6 असतील तर दोष सप्लायचा नाही, काळ्या पडलेल्या कनेक्टरचा. प्रीसेट वाढवून तो झाकला, की पुढे कुणी कनेक्टर घासून साफ केला त्या दिवशी बोर्डाला साडेपाच मिळतात. 5.25च्या वर त्या चिपांची कंपनीही हमी देत नाही.

आता त्या लाल स्विचबद्दल. सप्लायच्या बाजूला 115/230 असं लिहिलेला छोटा स्विच असतो. रावेरकडच्या एका पार्लरचं मशीन होतं. संध्याकाळी केळीच्या बागांचे पंप सुरू झाले की लाइन 160वर यायची, गेम सारखा रिसेट व्हायचा. 230वर हे सप्लाय साधारण 180च्या खाली तग धरत नाहीत. कुणीतरी स्विच 115वर सरकवला आणि गेम चालला! त्याच्या दृष्टीने रोग बरा झाला. आत काय झालं ते बघा. 230वर दोन मोठे कंडेन्सर मिळून 325 व्होल्ट (लाइनचं शिखर, म्हणजे लाटेचं सर्वोच्च टोक, साधारण 1.41 पट) वाटून घेतात, एकेकाच्या वाट्याला 160च्या आसपास. 115वर तोच भाग दुप्पट करणारा होतो, म्हणजे लाइनचं पूर्ण शिखर एकेकट्या कंडेन्सरवर. 160च्या लाइनला ते 226. कंडेन्सरवर लिहिलंय 200. तरी चालत राहिला बिचारा. पंप बंद झाले, लाइन 240 झाली, एकेकावर 339. दोन्ही फुटले, ट्रान्झिस्टरची जोडी गेली, एसीचा डीसी करणारा ब्रिज गेला, आणि सगळ्यात शेवटी फ्यूज. तिथवर सगळं दोनेकशे रुपयांचं नुकसान. पण सप्लाय बोर्डाच्या वर बसवलेला होता. कंडेन्सरमधलं पाणी बोर्डावर सांडलं, मशीन आठ दिवस तसंच झाकून ठेवलं, आणि माझ्याकडे आलं तेव्हा तांब्याच्या रेघा हिरव्या होऊन उचकटल्या होत्या. तो बोर्ड वाचला नाही.

सप्लाय मीच बसवला होता. स्विचवर “हलवू नका” असा कागदही चिकटवला होता. कागद लावला की आपली जबाबदारी संपली, असं तेव्हा मी म्हणायचो. चुकीचं होतं? निम्मं. आता त्या स्विचची वायर आतूनच कापतो, टोकाला स्लीव्ह चढवतो, म्हणजे सप्लाय कायम 230वरच. वरचा खटका हवा तेवढा खेळवा.

दुरुस्तीच करायची असेल, तर आउटपुटचे कंडेन्सर सगळे एकदम बदलायचे, 105 अंशांचे, लो-ईएसआर (आतला विरोध कमी असलेले), क्षमता तीच. भुसावळच्या मे महिन्यात बंद कॅबिनेटच्या आत 60 अंश सहज होतात, आणि दर 10 अंशांना कंडेन्सरचं आयुष्य साधारण निम्मं होतं. पहिल्यांदा सुरू करताना लाइनच्या वायरमध्ये 100 वॉटचा बल्ब सिरीजमध्ये. क्षणभर लखलखून मंदावला तर ठीक, पेटूनच राहिला तर शॉर्ट आहे. बोर्ड लगेच जोडायचा नाही. पाचवर आधी मोटरसायकलचा हेडलाइट बल्ब लावा, दोनेक अँपिअर ओढतो, अर्धा तास जळू द्या.

आणि हो, मूळचा ट्रान्सफॉर्मरवाला सप्लाय काढल्याबद्दल काही जण मला नावं ठेवतात. तो जड, तापणारा, पण तीस-चाळीस वर्षं टिकलेला. मलाही तो काढताना वाईट वाटतं. पण 180 व्होल्टवर त्याचा रेग्युलेटर पाच धरत नाही, एसएमपीएस धरतो. स्टॅबिलायझर लावा म्हणाल, तर त्याची रिले कट्‌ असा आवाज करून टप्पा बदलते आणि त्याच क्षणी गेम पुन्हा पहिल्यापासून. सध्या जुना सप्लाय गोणपाटात बांधून कॅबिनेटच्या तळाशी ठेवून देतो. ज्याला हवा त्याने परत लावावा.