आर्कमध्ये पहिले पॉइंट वजनात घाला

आर्क: सर्व्हायव्हल इव्हॉल्व्ह्ड या डायनासोरांमध्ये जगून दाखवायच्या व्हिडिओ गेममध्ये सुट्टीत नवीन उतरलेली आपली नागपूरची पोरं पहिल्या दहा लेव्हलचे पॉइंट मारक शक्तीत उधळतात. माझं ठाम मत आहे, आधी वजन वाढवा.

हिशेब करून पाहा. सुरुवातीला वजनाची मर्यादा 100. एक लाकूड 0.5, एक दगड 0.5. म्हणजे शंभर लाकडं आणि शंभर दगड उचलले की झोळी भरली, पाय जागेवरच खिळले. तेवढ्यात डायलो (विष थुंकणारा छोटा डायनासोर) आला तर पळणार कसं? सामान टाकून द्यावं लागतं आणि अर्ध्या तासाची मेहनत गवतात जाते. छपराचं गवत (थॅच) हलकं, नग 0.02, त्याची चिंता नको. धातूचा कच्चा दगड मात्र नगाला 1.

मूळ सेटिंगवर एका लेव्हलला वजन 10 ने वाढतं. पहिले पाच पॉइंट तिथेच, मर्यादा 150. मग आरोग्य आणि स्टॅमिना आलटून पालटून, दोन्ही 150 पर्यंत. त्यानंतर पुन्हा वजन.

मारक शक्ती दर पॉइंटला 5 टक्के वाढते, पण धनुष्याच्या बाणाला तिचा काहीच फायदा नाही. भाला, कुऱ्हाड, गैती यांनाच. लांबूनच लढणार असाल तर ते पॉइंट वाया.

फॉर्टिट्यूड, म्हणजे ऊन-थंडी सोसायची ताकद, उशिरा घेतलं तरी चालतं. वाळवंटात जायचं असेल तरच लवकर. तिथलं ऊन आपल्या मे महिन्यासारखं, पाणी झपाट्यानं संपतं.

चुकलंच तर माइंडवाइप टॉनिक पिऊन सगळे पॉइंट परत वाटता येतात.