टस्कनीची दुसरी वारी

पहिल्यांदा गेले तेव्हा मे महिना होता, साल २०१९. इटलीच्या टस्कनी प्रांतात, सिएना शहराच्या दक्षिणेला गहू हिरवागार, त्यात लाल पॉपीचे ठिपके, टेकडीच्या धारेवर सरूची ओळ. परतल्यावर ते फोटो मी भेटेल त्याला दाखवत सुटले. शेवटी सूनच म्हणाली, "आई, तुम्ही पुन्हा एकदा जाऊनच या." मग कोविड आला, गुडघा बिघडला, आणि निघायला २०२४ चा सप्टेंबर उजाडला. सप्टेंबरात तिथं हिरवं काही उरत नाही, हे लोणंदच्या शेतकऱ्याच्या लेकीला सुचायला हवं होतं. नाही सुचलं.

वाट तीच धरली, व्हिया फ्रान्चीजेना. इंग्लंडमधल्या कँटरबरीहून रोमला जाणारी ही यात्रेकरूंची जुनी वाट. मी त्यातला सॅन जिमिन्यानो ते राडिकोफानी एवढाच सुमारे १३५ किलोमीटरचा तुकडा चालते. इ. स. ९९० च्या सुमारास कँटरबरीचा आर्चबिशप सिजेरिक रोमला जाऊन आला. त्याच्या ७९ मुक्कामांची यादी टिकली म्हणून आज ही वाट सापडते. मला गंमत वाटते ती ही की यादी परतीच्या प्रवासाची आहे. आपल्याकडे पंढरपूरला जाताना लाखोंचा मेळा असतो. पालखी परत आळंदीला निघते तेव्हा सोबत मूठभर माणसं.

इथं मेळा नाहीच. दिवसभरात सात-आठ माणसं भेटतात, "बुओन कम्मीनो", वाट सुखाची होवो, म्हणून पुढे जातात. टाळ नाही, मृदंग नाही, पाणी द्यायला टँकर नाही. पहिल्या वेळी हे फार जाणवलं होतं. या वेळी हरिपाठ मोठ्यानं म्हणत चालले. ऐकायला मेंढ्या होत्या.

पहिला मुक्काम अब्बादिया आ ईसोला. मठाजवळ यात्रेकरूंसाठी छोटी धर्मशाळा आहे, स्वयंसेवक चालवतात. संध्याकाळी जेवणाआधी सगळ्यांना गोल बसवतात आणि एकेकाचा पाय घमेल्यात धरून धुतात, पुसतात, त्यावर ओठ टेकवतात. २०१९ ला मी चुकवलं होतं. डोकं दुखतंय म्हणून खोलीत पडून राहिले होते. खरं कारण वेगळं. माउलींची पालखी लोणंदला यायची तेव्हा आमच्या अंगणात दिंडी उतरायची, आणि वारकऱ्यांच्या पायांना तेल चोळायचं काम आम्हा पोरींचं. भेगाळलेले, चिखलाचे, म्हाताऱ्यांचे पाय. आपण पाय चेपायचे, पुढे करायचे नाहीत, हे अंगात भिनलेलं. या वेळी घमेलं माझ्यापुढे आलं तेव्हा पळायला जागा नव्हती. माझ्याच वयाची बाई गुडघ्यावर बसली होती. तिचेही गुडघे दुखत असणार. बसताना खुर्चीला धरलं तिनं. मी पाय दिला. मग तिच्या पायाला हात लावून नमस्कार करायला वाकले तर ती घाबरून उठलीच. दोघींनाही एकमेकींची भाषा येत नव्हती, ते बरंच झालं.

सिएनात एक दिवस जास्त राहिले. तिथल्या कॅथेड्रलसमोरचं सांता मारिया देल्ला स्काला हे शतकानुशतकं यात्रेकरूंचं आसरा-घर आणि दवाखाना होतं, आता संग्रहालय आहे. चौकातल्या गर्दीबद्दल न बोललेलं बरं.

जेवणाचं मात्र सांगते. तिथला पाव अळणी असतो. पहिल्या वेळी वाटलं, मीठ घालायला विसरले. या वेळी पिशवीत लसणाची चटणी होती. अळणी पाव, ऑलिव्हचं तेल आणि आपली चटणी! पोंते दार्बियाच्या मुक्कामात एका जर्मन पोरानं अर्धी बरणी संपवली, डोळ्यांतून पाणी काढत.

त्याच्या पुढे माझा लाडका मुलूख, व्हाल दोर्चा. जिथं हिरवळ पाहिली होती तिथं नुसती ढेकळं. टेकडीमागे टेकडी नांगरलेली, राखाडी, मधे एखादं दगडी घर. पहिला तास मला रडू येत होतं. मग डोळे बसले तशी जमीन दिसायला लागली: नांगराच्या तासांची वळणं, कुठं वाहून गेलेली माती, कुठं धरलेला बांध. ती घरंही आता कळली. ही जमीन पिढ्यान्‌पिढ्या अर्धेलीनं कसली जायची, कसणाऱ्याचं आणि मालकाचं निम्मं निम्मं. १९६४ च्या कायद्यानं अर्धेलीचे नवे करार बंद झाले. त्याच काळात माणसं शहरांकडे गेली आणि घरं ओस पडली. त्यातल्या कित्येक घरांत आता पाहुणे उतरतात. मे महिन्यात मी ज्या घरांचे फोटो काढले, त्यांत राबलेल्यांचा विचारही मनात आला नव्हता.

सॅन क्विरिकोहून राडिकोफानी तेहतीसेक किलोमीटर, शेवटी चढच चढ. बान्यो विन्योनीत ओहळाच्या कोमट पाण्यात पाय सोडून बसले. गावाच्या चौकातच गरम पाण्याचा मोठा हौद आहे, पण त्यात उतरू देत नाहीत. रात्री पाऊस झालेला. चिकण माती अशी चिकटली की एकेक बूट दोन किलोचा. राडिकोफानीच्या किल्ल्याचा बुरूज सकाळपासून समोर, आणि जवळ येता येत नव्हता.

चढाच्या अलीकडे एक म्हातारबाबा उभ्या ट्रॅक्टरशेजारी नांगराचा फाळ घासत होते. वाफसा नव्हता, काम थांबलेलं. कुठून आलात विचारलं, इंडिया म्हटलं. त्यांनी रानाकडे हात केला आणि दिलगिरीनं म्हणाले, "ब्रुत्तो." वाईट दिसतंय. मग बोटानं पुढचे महिने मोजत, "माज्जो, माज्जो." मे महिन्यात या.

मी म्हटलं, "बेल्लो." सुंदर आहे. ते हसले, वेड्या माणसाला हसतात तसं. मग माझ्या बुटांकडे बघून फाळ घासायची लोखंडी पट्टी माझ्या हातात दिली, आणि मी चिखल खरवडत असताना तोल जाऊ नये म्हणून कोपर धरून उभे राहिले.